सरपंचिणीचा अर्धा वाटा

“अर्धी न्या,” गोजरबाई म्हणाली. “तुमच्या वाट्याची अर्धी न्या. माजी अर्धी हितंच ऱ्हाईल.”

जीपचं मागचं फळकं पाडून उभा असलेला रखमाजी शेळीकडे बघू लागला. दोन सारखे भाग करायचे तर नेमकं कुठून, याचा तो खरोखरच विचार करत असावा. कारण त्याची नजर शेपटीपासून शिंगांपर्यंत गेली आणि परत येताना पोटाशी अडकली. शेळीला त्याचं काही नव्हतं. ती जीपच्या चाकामागचं रबर चावून बघत होती.

“वयनी, थट्टा नगं. मॅडम पुण्यावरनं आल्यात.”

“थट्टा कशाची, भावजी? अर्धलीची शेळी हाय. तुमच्याच तोंडचा शब्द हाय त्यो. ह्याच वट्ट्यावर बसून, माजा च्या पिऊन बोलला व्हता.”

जीपमधून डॉक्टर वैजयंती उतरल्या. डॉक्टर म्हणजे पोरांना सुई टोचणाऱ्या नव्हेत. प्रयोगशाळेत बसून माणसाच्या शरीरातली प्रथिनं हुडकणाऱ्या. त्यांनी ओढणी सावरली, शेळीकडे पाहिलं, गोजरबाईकडे पाहिलं आणि रखमाजीला विचारलं, “अर्धल म्हणजे काय?”

सहा वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला. रखमाजीने कपाळाचा घाम पुसला. माघ महिना होता, पिंपळवंडीत चांगला गारठा पडला होता, तरी पुसला.

अर्धल म्हणजे काय, हे त्या गावात शेळ्यांनाही ठाऊक होतं. एकाने शेळी द्यायची, दुसऱ्याने सांभाळायची, जे येईल ते निम्मं निम्मं. दोन वेतं झाली, म्हणजे दोनदा व्याली, की खुद्द शेळीतही सांभाळणाऱ्याचा निम्मा वाटा पडतो. मग दोघांची मर्जी असल्याशिवाय ती विकता येत नाही आणि कापताही येत नाही. याला कागद लागत नाही. कागद लागला तर ती अर्धल कसली, ती सोसायटी झाली.

पंचाण्णव साली पुण्याच्या एका कंपनीला गावोगाव शेळ्या ठेवायच्या होत्या. शेळी कंपनीची, खुराक कंपनीचा. दूध आणि करडं सांभाळणाऱ्याची. रक्त मात्र कंपनीचं, अशी साधी अट होती. रखमाजी हा कंपनीचा गावातला माणूस. ती अट घरोघर समजावून सांगता सांगता त्याचा घसा बसला आणि गोजरबाईच्या ओट्यावर येईपर्यंत त्याने सगळ्या अटीचा एकच शब्द केला. म्हणाला, “अर्धलीनं हाय असं धरा की, वयनी.” वयनीनं धरलं. आणि गोजरबाईने एकदा धरलेलं सोडवणारा माणूस जुन्नर तालुक्यात तरी नव्हता. तिचा नवरा सावळेराम हे लग्नापासून पाहत आला होता. म्हणून अशा वेळी तो काहीतरी काम काढून जरा लांब बसे. आत्ताही तो गोठ्याच्या मेढीला घायपाताचा वाख अडकवून दोरी वळत बसला होता.

शेळी संगमनेरी, पांढरीशुभ्र, कानात पिवळा बिल्ला. कंपनीच्या लेखी ती बारा नंबर. पण ती आली त्याच साली गावात पहिल्यांदा बाई सरपंच झाली होती. ती बिचारी दीर बोट ठेवील तिथे सही करायची. ही शेळी मात्र कोणाच्या बापाचं ऐकत नसे, वाटेल त्या रानात शिरे आणि हाकललं की शिंगं रोखून उभी राही. तेव्हा सरपंच म्हणतात ती हीच, असं गावाने आपसांत ठरवलं. नाव पडलं सरपंचीण.

सरपंचिणीचा बहुतेक कारभार शेजारच्या सोमाजीच्या फ्लॉवरमध्ये चाले. सोमाजी बांधावरून ओरडे, “गोजरे, तुजी शेळी आली बग माज्या रानात!”

गोजरबाई जागची न हलता सांगे, “त्वांड कंपनीच्या वाट्याचं हाय, आण्णा. पुण्याला जाऊन तक्रार करा. माज्या वाट्याच्या लेंड्या. त्या ऱ्हाऊ द्या तुमच्या रानाला, मी काय मागायची नाय.”

दर थोड्या महिन्यांनी कंपनीची जीप येई. ताकासारखं पांढरं, दाट औषध सरपंचिणीच्या कातडीखाली टोचलं जाई. त्यात माणसाच्या मूत्रपिंडातलं कुठलंसं प्रथिन असे. मग काही आठवडे जाऊ देत आणि गळ्यावरचे केस भादरून, शिरेतून बाटलीभर रक्त काढून नेत.

“रगत कशाला लागतं ओ?” गोजरबाईने पहिल्याच खेपेला विचारलं होतं. वैजयंतीबाई तेव्हा नोकरीत नव्या होत्या. नव्या माणसाला विचारलं की तो सांगतो.

“अंगात परकं काही शिरलं की शेळीचं रक्त त्याला ओळखायला शिकतं. त्या रक्तातलं पिवळं पाणी आम्ही वेगळं काढतो. माणसाच्या मूत्रपिंडाची पातळ चकती घ्यायची आणि तिच्यावर ते पाणी सोडायचं. जिथे जिथे ते प्रथिन असेल तिथे ते जाऊन चिकटतं. मग वर रंग चढवला की तपकिरी ठिपके उमटतात. प्रथिन कुठे आहे, कुठे नाही, हे संशोधकांना डोळ्यांनी दिसतं.”

“म्हंजी शेळी मानूस वळखती.”

“माणसातला एवढासा तुकडा ओळखते.”

“लई झालं की. हितं मानसाला मानूस तेवढा बी वळखत नाय.”

पुढच्या खेपेला गोजरबाई हातात पितळी लोटी घेऊनच उभी राहिली. “आमचं निम्मं?” वैजयंतीबाईंना हसू आलं. त्या वेळी त्या प्रथिनाला जगात कोणी विचारत नव्हतं. कंपनीची कोठी भरली होती आणि साहेबांनी जास्तीचं ओतून टाकायला सांगितलं होतं. तेव्हा बाईंनी पुढच्या वेळी पिवळ्या पाण्याच्या निम्म्या बाटल्या थर्माकोलच्या खोक्यात घालून आणल्या आणि गंभीर चेहऱ्याने गोजरबाईच्या हातात दिल्या. “हा घ्या तुमचा वाटा. बर्फात गोठवून ठेवायचा बरं का, नाहीतर नासेल.” आता हे खोकं उकिरड्यावर जाईल आणि दोन दिवस गावाला हसायला होईल, अशी त्यांची समजूत. थट्टा कोणाशी करतोय ते बघून करावी, हे विज्ञानाच्या अभ्यासक्रमात नसतं.

तेव्हापासून तो पायंडाच पडला. मागचा वाटा हातात पडल्याशिवाय गोजरबाई शेळी धरायला येत नसे, आणि गोजरबाईने धरल्याशिवाय सरपंचीण कोणाला गळ्याला हात लावू देत नसे.

आणि आज ही जीप रिकामी आली होती. बाटल्या नव्हत्या, सुया नव्हत्या. मागे फक्त गवत पसरलेलं होतं.

“गोजरबाई, ऐका,” वैजयंतीबाई ओट्यावर बसल्या. “गावात शेळ्या ठेवणं आता बंद होतंय. नवे नियम आलेत. प्रयोगाचं जनावर नोंदणी केलेल्या जागेतच ठेवावं लागतं. आणि हिचं वय झालं, तिथे नेऊन ही फार दिवस काढणार नाही. दुसरं म्हणजे त्या प्रथिनाला आता भाव आलाय. परदेशातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेला हिचंच पाणी हवंय, भरपूर हवंय. आमच्याकडचं संपत आलं. म्हणून एकदाच... सगळं काढून घ्यायचं ठरलंय.”

“सगळं म्हंजी?”

रखमाजीने फळक्याची कडी उगाच लावली आणि उगाच उघडली.

“भूल देतात,” वैजयंतीबाई हळू आवाजात म्हणाल्या. “तिला काही कळणार नाही.”

“तिला नाय कळायचं. मला कळंल.”

“दुसरी न्या की,” सावळेराम लांबून म्हणाला. “शेळ्यांला काय तोटा हाय?”

“दुसरीचं चालत नाही, भाऊ. हेच औषध आम्ही आणखी शेळ्यांना टोचून पाहिलं. एकीचं पाणी भलत्याच ठिकाणी चिकटतं, एकीचं चिकटतच नाही. त्याच प्रथिनाला प्रत्येक शेळी आपल्या परीने, निरनिराळ्या बाजूंनी पकडते. त्याचं जे मिश्रण तयार होतं ते त्या शेळीचंच. ती गेली की तसं जगात परत होत नाही.”

“आमटीसारखं,” गोजरबाई म्हणाली. “मसाला येकच दिला तरी माजी येगळी आन् जावंची येगळी.”

“अगदी तसंच.”

“जावंची कुनी खात नाय.”

रखमाजीला हा विषय वाढलेला नको होता. “वयनी, मी सांगतो त्ये ऐका. शेळी कंपनीची हाय. आज मॅडम आल्यात, उद्या दुसरी मानसं येतील. ती वट्ट्यावर बसून आमटीच्या गप्पा मारायची नाय.”

“येऊ द्या. त्यान्ला बी च्या करीन. शेळी अर्धीच मिळंल.” गोजरबाईने शेळीच्या गळ्यातलं निळं नायलॉनचं दावं स्वतःच्या मनगटाला दोन वेढे घालून गुंडाळलं. कंपनीचंच दावं. शेळीबरोबर आलेलं.

“बिबट्या येतो त्यो सुदिक आख्खी नेतो,” सावळेराम म्हणाला. “अर्धी न्यायची पद्धत कुटंच नाय.”

“आवं, तुमी कोनाकडनं हाय?”

“मी दोरी वळतोय.”

वैजयंतीबाई गोजरबाईकडे वळल्या. “गोजरबाई, मला वाईट वाटतंय. पण रखमाजी काय बोलले ते मला माहीत नव्हतं. करारात तुमचा रक्तात वाटा कुठेच नाही.”

“मंग सा वर्सं माज्या हातात घालत व्हता ते काय व्हतं? परसाद?”

ती गंमत होती, हे वाक्य बाईंच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. सहा वर्षं त्या गमतीच्या जोरावर या बाईने शेळीची मान स्वतःच्या छातीशी धरून ठेवली होती. तेवढ्या वर्षांनंतर गमतीला कोणी गंमत म्हणत नाही.

मग त्यांनी काहीतरी आठवल्यासारखं विचारलं, “त्या बाटल्यांचं तुम्ही काय केलंत?”

“काय करायचं? वाटा हाय माजा. ठिवलाय.”

“कुठे?”

“आळेफाट्याला. भावाच्या फ्रीजात. तुमीच म्हनला व्हता गोठवून ठिवा म्हनून.”

वैजयंतीबाई उभ्या राहिल्या. त्या इतक्या झटकन उभ्या राहिल्या की सरपंचिणीने रबर चावायचं थांबवलं.

आळेफाट्याला जायचं ठरलं. पण शेळी मागे ठेवायला गोजरबाई तयार होईना. “मी गेल्यावर भावजी उचलून न्येतील.” शेवटी रखमाजी मागे राहिला आणि सरपंचीण जीपमध्ये चढली. कंपनीने तिला न्यायला पाठवलेल्या जीपमध्ये, कंपनीच्या गवतावर बसून, कंपनीचं गवत खात ती फाट्यापर्यंत गेली.

गोजरबाईचा भाऊ कुंडलिक फाट्यावर आईसक्रीम आणि कोल्ड्रिंकचं दुकान चालवायचा. नाशिक आणि नगरच्या गाड्या तिथे थांबत, म्हणून त्याचं बरं चाललं होतं. बहिणीला जीपमधून, शेळीसकट, उतरताना बघून त्याने गल्ल्यावरचा हातच उचलला.

“आक्का! आता आख्खीच घिऊन आलीस व्हय? बाई, तुज्या शेळीनं माजा निम्मा फ्रीज खाल्लाय. शीजनला म्यांगो ठिवायला जागा नाय.”

“वाटा दाव बाईंला.”

कुंडलिकने फ्रीजरचं झाकण वर केलं. कुल्फीच्या नळ्या काढल्या, कोन काढले, लग्नाच्या ऑर्डरचे डबे काढले. तळाशी थर्माकोलची खोकी एकावर एक लावलेली होती. बर्फ चढून ती एकमेकांना चिकटली होती.

“वीज जात असेल ना?” वैजयंतीबाईंनी विचारलं.

“जाती ना. चांगली गावाला जाऊन आल्यावानी येती. पर जनरेटर हाय. आईसक्रीम गेलं तर गिऱ्हाईक जाईल, मॅडम. आक्काचा वाटा गेला तर ती भाऊबीजंला ववाळायची नाय. म्हनून आदी तिचं बगतो.” तो जरा घुटमळला. “खोटं कशाला बोलू? डीपी जळाली व्हती एका उन्हाळ्यात, तवा जनरेटर बी रुसला व्हता. वरच्या खोक्याचं पानी झालं व्हतं. खालची दगडावानी व्हती.”

वैजयंतीबाईंनी खालच्या खोक्यातली एक बाटली उचलली. ओढणीने वरचा बर्फ पुसला. आत पिवळं, घट्ट गोठलेलं काही आणि वर चिकटवलेल्या पट्टीवर निळ्या शाईत ‘बारा नंबर’ आणि तारीख. अक्षर त्यांचंच होतं, पण गोल, नीटनेटकं, नोकरीला नुकत्या लागलेल्या मुलीचं. मागे कोणीतरी पिस्ता कुल्फी मागत होतं.

“चांगलं असंल का?” गोजरबाईने विचारलं.

“तपासावं लागेल. प्रत्येक खोक्यातली एक बाटली नेते. चकतीवर टाकून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.”

“आन् नासलं असंल तर?”

“तर मला परत यावं लागेल, गोजरबाई. रिकामी जीप घेऊन.”

“या की. तवा बी अर्धीच मिळंल.”

बाटल्या तपासून होईपर्यंतचे दिवस सरपंचिणीने नेहमीसारखे सोमाजीच्या रानात काढले. गोजरबाईचं मात्र सगळं बिघडलं. रस्त्यावर जीपचा आवाज आला की ती हातातलं पीठ, खुरपं, जे असेल ते टाकून दाव्याला हात घालायची. एकदा दूध डेअरीची गाडी होती, एकदा गावात लसीकरणवाले आले होते. लसवाल्यांना तर तिने बांधापाशीच अडवलं आणि अर्धी शेळी मिळेल म्हणून सांगितलं. ते पोलिओवाले होते. त्यांनी शेळीचं काय करायचं ते आपापसांत विचारलं आणि पुढच्या घराला गेले. सावळेरामची दोरी तेवढी रोज हातभर वाढत होती.

मग जीप आली. आतून वैजयंतीबाई एकट्याच उतरल्या. रखमाजी नव्हता. गोजरबाईने जीपच्या मागे वाकून पाहिलं. गवतही नव्हतं.

बाईंनी पिशवीतून एक रंगीत फोटो काढला. फिकट निळ्या पार्श्वभूमीवर गोल गोल वेटोळी आणि त्यांच्या कडेकडेने तपकिरी ठिपके.

“हे माणसाचं मूत्रपिंड. आणि हे तपकिरी दिसतंय ना, ही तुमची सरपंचीण. वरच्या खोक्यातलं गेलं. बाकीचं सगळं जिवंत आहे, पहिल्या वर्षाचंसुद्धा.”

गोजरबाईने फोटो उन्हात धरला, लांब केला, जवळ घेतला. “जितं जायाचं न्हाई तितं गेलीय का कुटं?”

“कुठेही नाही. जिथे हवं तिथेच.”

“मंग तितं लई शानी झाली. हितं नाय.”

वैजयंतीबाई हसल्या नाहीत. “गोजरबाई, मला तुमचा वाटा हवाय. सगळा. तेवढ्यात त्यांची मागणी भागते.”

“मला तुमचा.”

“माझा?”

“अर्धल मोडायची तर वाट्याला वाटा. माजं पानी तुमी न्या. तुमची अर्धी शेळी मला द्या.”

“दिली,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “साहेब म्हणत होते, आईसक्रीमच्या दुकानातलं पाणी परदेशात पाठवणार का? मी म्हटलं, कुठे ठेवलं होतं ते कळवून पाठवू, हे फोटो लावू. त्यांना नको असेल तर नाही म्हणतील. परदेशवाल्यांनी हो म्हटलं. तेव्हापासून साहेब माझ्याशी बोलत नाहीत.”

“बरं झालं की. माजा दीर बारा वर्सं बोलत न्हाई. लई निवांत हाय.”

व्यवहार ठरला. हातावर हात पडला नाही, कोणी कागद काढला नाही. येताना वैजयंतीबाईंनी कुंडलिकला सांगून ठेवलं होतं. त्याने बाटल्या काढून नव्या बर्फात घालून ठेवल्या होत्या, जीपने जाता जाता उचलायच्या. गोजरबाई खाली बसली आणि सरपंचिणीच्या गळ्यातल्या दाव्याची गाठ सोडू लागली. सहा वर्षांत ती घट्ट बसली होती. तिने दातांनी ओढली. निळं दावं सुटलं तशी तिने त्याची नीट घडी केली आणि वैजयंतीबाईंच्या पुढे धरली.

“हे कशाला?”

“जनावर देत्यात, दावं देत नाय. दावं धन्यानं परत न्यायचं. न्हाईतर धन्याचा गोठा मोडतो.”

“आमचा गोठा मोडलाच आहे, गोजरबाई. सगळ्या गावांतला.”

“तरी न्या.”

वैजयंतीबाईंनी दावं घेतलं. पुण्यात त्यांना बांधायला काही नव्हतं. तरी त्यांनी ते पिशवीत न टाकता हातात धरलं, आणि जीप वळली तेव्हाही ते त्यांच्या मांडीवर तसंच होतं.

धुरळा बसल्यावर गोजरबाईला पाठीमागे कोणी उभं असल्यासारखं वाटलं. सावळेराम होता. त्याने हात पुढे केला. पिवळसर वाखाचं नवंकोरं दावं, दुपेडी, मऊ चोळलेलं, टोकाला गळ्याच्या मापाचा फास.

“आवं,” ती म्हणाली. “म्हंजी त्या दिसापासनं तुमी...”

“मी दोरी वळतोय म्हनलं व्हतं की.”

ती दावं घेऊन शेळीकडे वळली. शेळी नव्हती.

“गोजरे!” बांधापलीकडून सोमाजीचा आवाज आला. “आली बग! भर फ्लॉवरात उबी हाय! आन् आता मला पुन्याला धाडू नगंस, सांगून ठिवतो. कोनाच्या वाट्याचं त्वांड हाय ह्ये?”

गोजरबाई बांधावर चढली. पदर खोचला.

“माज्या!” ती ओरडली. “माजी हाय! आख्खी! त्वांडासकट!”

सोमाजी इतका चकित झाला की हातातला दगड त्याने खाली टाकला. सरपंचिणीने एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा खाली मान घातली. तिच्या गळ्यात काही नव्हतं. भादरून भादरून तळहाताएवढी झालेली जागा उन्हात गुलाबी दिसत होती. तिथे केस यायला वेळ लागणार होता. गोजरबाई नवं दावं हातात धरून बांधावर उभी राहिली. बांधायला खाली उतरली नाही.